चॉकलेटी शिपायांची ब्रिगेड

१९४२ साली ऑस्ट्रेलियात दोन सैन्यं होती. राजा एक, गणवेश एक, रायफलही एकच. फरक होता तो एका अक्षराचा. व्हिक्टोरिया राज्यातल्या शिपायाच्या सैनिकी क्रमांकाआधी ‘व्हीएक्स’ असं लिहिलेलं असलं, तर तो जगात कुठेही लढायला राजी झालेला स्वयंसेवक. नुसतं ‘व्ही’ असलं, तर तो मिलिशियाचा, म्हणजे एरवी अर्धवेळ चालणाऱ्या राखीव फौजेचा माणूस. मिलिशियातल्या माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध देशाच्या हद्दीबाहेर लढायला धाडायचं नाही, असा कायदाच होता.

अशा एक्स नसलेल्या माणसांची एक अख्खी ब्रिगेड होती, ३० वी. तिच्यातली एक पलटण त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये न्यू गिनीतल्या एका डोंगरी पायवाटेवर जपानच्या कसलेल्या फौजेच्या तोंडी उभी राहिली आणि जवळजवळ महिनाभर तिने ती वाट अडवून धरली. शौर्यकथा म्हणून ती ऑस्ट्रेलियात घरोघरी ठाऊक आहे. मला तिच्याकडे पुन्हा पुन्हा खेचतं ते आणखी एका गोष्टीमुळे. शांततेच्या काळात कागदावर आखून ठेवलेली फौज एके दिवशी खरोखरच लढायला निघते, तेव्हा तिच्यातलं काय टिकतं आणि काय मोडतं, हे इतकं लख्ख दिसण्याची संधी इतिहासात फार क्वचित मिळते.

मुळात असा कायदा एखादा देश करतो तरी कशाला? १९०१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सहा वसाहती एकत्र येऊन एक देश झाला आणि १९०३ च्या संरक्षण कायद्याने ठरवून टाकलं, की या देशात खडं पायदळ ठेवायचं नाही. कायमचे पगारी सैनिक थोडेच असतील, तेही तोफा सांभाळणारे, बांधकाम पाहणारे, कवायत शिकवणारे. बाकीची फौज नागरिकांची. माणूस दिवसा आपला धंदा करील, संध्याकाळी कवायतीला येईल. या पद्धतीतून किती मोठी माणसं घडली पाहा: पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर ऑस्ट्रेलियाच्या संपूर्ण कोअरचं नेतृत्व करणारा जॉन मोनॅश व्यवसायाने स्थापत्य अभियंता होता आणि सैनिकी विद्या त्याने मिलिशियातच आत्मसात केली होती.

त्याच महायुद्धात सरकारने लोकांना विचारलं, सक्तीने भरती करून माणसं परदेशी पाठवू का? १९१६ मध्ये सार्वमत झालं, लोक नाही म्हणाले. १९१७ मध्ये पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. ऐन युद्धाच्या धुमश्चक्रीत, पोरं आघाडीवर मरत असताना, लोकांना मतपेटीतून हा प्रश्न विचारला जावा आणि त्यांचं उत्तर सरकारने मानावं, याचं मला आजही नवल वाटतं. ज्याला जायचं त्याने आपखुशीने जावं. घर राखायला मात्र सगळ्यांनी तयार असावं. दोन सैन्यांचा जन्म या एका विचारातून झाला.

मराठी वाचकाला अर्धवेळ शिपाई मुळीच परका नाही. पावसाळ्यात नांगर धरायचा आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघायचं, ही आपली जुनी रीत. ऑस्ट्रेलियाच्या मिलिशियाला नेमकं सीमोल्लंघनच वर्ज्य होतं. शिवाय त्यांच्या वर्षाचं गणित अगदी उलटं होतं. आपला कुणबी चार महिने शेतकरी आणि आठ महिने शिपाई असे. तिथला बँकेतला कारकून वर्षभर कारकूनच असे. आठवड्यातली एखादी संध्याकाळ आणि वर्षाकाठचं काही दिवसांचं शिबिर, एवढंच त्याचं सैनिकपण.

मग अशा फौजेची ब्रिगेड म्हणजे नेमकं काय? रचना ऐकायला सोपी आहे. दहाएक माणसांचा एक सेक्शन. तीन सेक्शन मिळून प्लॅटून, तीन प्लॅटून मिळून कंपनी. चार-पाच कंपन्या आणि मुख्यालय मिळून पलटण, म्हणजे बटालियन, साधारण आठ-नऊशे माणसांची. तीन पलटणी एका ब्रिगेडियरच्या हाताखाली आल्या, सोबत तोफा, इंजिनियर आणि दवाखाना आला, की ब्रिगेड. खड्या फौजेत या सगळ्या खणांमध्ये माणसं कायम भरलेली असतात. राखीव फौजेत खण तेवढे तयार असतात. पलटणीला नंबर असतो, खांद्यावर रंगीत कापडाची खूण असते, गावात कवायतीचा हॉल असतो, थोडेसे अधिकारी आणि हवालदार असतात. शिपाई मात्र वेळ आली की भरायचे. १९२९ मध्ये ऑस्ट्रेलियाने सक्तीचं प्रशिक्षण थांबवलं, मंदी आली, आणि मिलिशियाचं संख्याबळ घसरत घसरत तीस हजारांच्या आसपास आलं. साऱ्या खंडाच्या रक्षणासाठी तीस हजार! पण नंबर, हॉल आणि खांद्यावरच्या खुणा शाबूत राहिल्या. राखीव ब्रिगेडचं खरं भांडवल तेवढंच असतं.

(आपल्याकडे १९४८ च्या कायद्याने उभी राहिलेली प्रादेशिक सेना याच जातकुळीची. ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींनी तिचं उद्घाटन केलं. पुण्यात आणि कोल्हापुरात मराठा लाइट इन्फंट्रीच्या प्रादेशिक पलटणी आहेत. त्यांच्यावर वेगळं लिहायला हवं.)

१९३९ मध्ये युद्ध पेटलं. परदेशी जायला राजी असलेल्यांची नवी फौज उभी राहिली. तिच्या पलटणींच्या नंबराआधी ‘दोन’ आणि तिरकी रेघ असे, जसं २/१४. त्या फौजेची पोरं उत्तर आफ्रिकेत, ग्रीसमध्ये, सीरियात लढत होती. मिलिशियाची पोरं मायदेशी कवायत करत होती. त्यांना ‘चोको’ म्हणायला लोकांनी सुरुवात केली: चॉकलेटचे शिपाई, ऊन लागलं की वितळणारे. दुसरं नाव होतं ‘कोआला’. त्या प्राण्याची निर्यात करायची नाही आणि त्याच्यावर गोळीही झाडायची नाही, असा कायदा होता ना, म्हणून. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना हे किती झोंबत असेल, याची कल्पना करा. त्यांतले कितीतरी केवळ वयात बसत नव्हते म्हणून मिलिशियात होते.

१९४१ च्या अखेरीस जपान युद्धात उतरला आणि पोर्ट मोर्सबीकडे सगळ्यांचे डोळे लागले. मोर्सबी हे न्यू गिनीच्या दक्षिण किनाऱ्यावरचं बंदर. पापुआचा तो प्रदेश १९०६ पासून ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात होता. म्हणजे समुद्रापलीकडचा, विषुववृत्ताजवळचा तो मुलूख कायद्याच्या नजरेत देशाच्या हद्दीतच होता. मिलिशियाला तिथे पाठवता येत होतं. क्वीन्सलँडची ४९ वी पलटण तिथे आधीच पोचली होती. डिसेंबरच्या शेवटी ‘अ‍ॅक्विटानिया’ या महाकाय प्रवासी जहाजावर दोन पलटणी चढवण्यात आल्या: व्हिक्टोरियाची ३९ वी आणि न्यू साउथ वेल्सची ५३ वी. ३ जानेवारी १९४२ ला जहाज मोर्सबीला लागलं. ३० व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणी आता जागेवर आल्या.

पुढचं सगळं समजून घ्यायचं तर या दोन पलटणींची भरती कशी झाली ते पाहावं लागतं.

३९ वी ऑक्टोबर १९४१ मध्ये मेलबर्नजवळच्या डार्ली शिबिरात उभी राहिली. माणसं निरनिराळ्या मिलिशिया पलटणींतूनच मागवलेली, पण सगळी एका राज्यातली, आणि निघण्याआधी त्यांना एकत्र राहायला थोडे आठवडे मिळाले. ५३ वी घाईत जमवलेली. वेगवेगळ्या तुकड्यांकडे माणसं मागितली गेली, आणि असं मागणं आलं की कुठलाही कमांडर आपली चांगली माणसं देत नाही, नकोशी देतो. संख्या भरेना म्हणून शेवटच्या क्षणी काहींना थेट जहाजावर चढवण्यात आलं. घरी निरोप घ्यायला रजा नाही, कुठे चाललोय ते माहीत नाही. त्यांच्या मनातला राग त्यांच्यासोबत मोर्सबीला उतरला.

मोर्सबीत पहिले सहा महिने लढाईचं शिक्षण जवळपास नव्हतंच. बंदरावर माल उतरवायचा, रस्ते करायचे, खंदक खणायचे. फेब्रुवारीपासून जपानी विमानांचे हल्ले सुरू झाले. हिवताप आणि अतिसार यांनी माणसं पोखरली. १५ फेब्रुवारीला सिंगापूर पडलं, १९ ला खुद्द ऑस्ट्रेलियातल्या डार्विन शहरावर बॉम्ब पडले. एप्रिलमध्ये ब्रिगेडवर सेल्विन पोर्टर नावाचा नवा ब्रिगेडियर आला. तो सीरियात पलटण चालवून आलेला. पहिल्या महायुद्धातले वयस्क अधिकारी काढून त्याने मध्यपूर्वेत लढून आलेले तरुण अधिकारी आणायला सुरुवात केली. ३९ व्या पलटणीला बिल ओवेन हा कमांडर मिळाला. जपान्यांनी शेजारच्या बेटावरचं रबाऊल घेतलं तेव्हा तिथून निसटून आलेला. मला वाटतं, ब्रिगेड वाचली ती इथे. शिपाई तेच, नंबर तोच, पण सेक्शनपासून पलटणीपर्यंतच्या साखळीतले मोक्याचे दुवे बदलले.

मे महिन्यात कोरल समुद्रातल्या लढाईने जपानचा मोर्सबीवरचा सागरी हल्ला परतवला. मग जपानने बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरून मधला डोंगर ओलांडून यायचं ठरवलं. ओवेन स्टॅन्ली पर्वतरांग आडवी पसरलेली; तिच्यावरून जाते ती कोकोडाची पायवाट. लांबी ९६ किलोमीटर, रुंदी बऱ्याच ठिकाणी एका माणसापुरती. चढ, उतार, ओढा, पुन्हा चढ. दोन हजार मीटरच्या वर जाऊन पुन्हा खाली. दिवसा घाम, रात्री थंडी, आणि पाऊस जवळपास रोजचा. ३९ व्या पलटणीच्या ‘बी’ कंपनीचे सुमारे १२० शिपाई कॅप्टन सॅम टेम्पलटनच्या हाताखाली जुलैच्या सुरुवातीला निघाले आणि १५ जुलैला डोंगरापलीकडच्या कोकोडा गावाला पोचले. २१ जुलैला जपानी फौज किनाऱ्यावर उतरली.

इथे थोडं थांबून अन्नाचा हिशेब करू या, कारण या वाटेवरचं सगळ्यात अजब गणित तेच आहे. वाटेवर गाडी, घोडा काही चालत नव्हतं. सगळं माणसाच्या पाठीवरून. त्या भागातला एक मळेवाला, बर्ट किएन्झ्ल, भारवाहकांची व्यवस्था पाहत होता. त्याने लिहून ठेवलेला हिशेब असा: भारवाहकाने फक्त अन्न उचललं आणि तेच खाल्लं, तर तेरा दिवसांत त्याचं ओझं संपतं. त्यातून एका शिपायालाही खायला घातलं, तर दोघांना मिळून साडेसहा दिवस. आणि कोकोडा आठ दिवसांच्या चालीवर! म्हणजे जाऊन परत यायचं तर भारवाहकाचं ओझं त्याच्या स्वतःच्या पोटालाही पुरत नाही. गोळ्या आणि औषधं कोण आणणार? माणसं वाढवली की खाणारी तोंडं वाढतात. या गणिताला पाठीवरून उत्तर नव्हतंच, ते आकाशातून यायला हवं होतं. ऑगस्टच्या सुरुवातीला किएन्झ्लने डोंगरात मायोला नावाचं कोरडं, गवताळ तळं शोधून काढलं. विमानं तिथे माल टाकू लागली. पॅराशूट पुरेशी नव्हती, म्हणून भरलेलं पोतं दुसऱ्या मोठ्या पोत्यात घालायचे. आतलं फुटलं तरी बाहेरच्यात माल उरावा. बराच माल तरीही रानात हरवायचा.

ही ओझी वाहणारे पापुआचे गावकरी. त्यांतल्या अनेकांना सक्तीने आणलेलं होतं. त्यांनीच जखमींना डोल्यांतून दिवसेंदिवस चालत मागे नेलं, आणि त्याबद्दल ऑस्ट्रेलियात त्यांच्याविषयी अपार कृतज्ञता आहे. पण आपल्या तरुणांना सक्तीने परदेशी पाठवावं का, हे दोनदा मतदानाने ठरवणाऱ्या देशाने या माणसांना एकदाही काही विचारलं नाही. पापुआ ऑस्ट्रेलियाच्या हद्दीत आहे, असं म्हणणाऱ्या कायद्याला पापुअन माणसाचं मत नको होतं. हा डाग त्या सुंदर विचारावर कायमचा आहे.

लढाई सुरू झाली. २६ जुलैला टेम्पलटन बेपत्ता झाला. २९ जुलैच्या पहाटे, कोकोडाच्या धावपट्टीजवळ सत्तर-ऐंशी माणसांनिशी लढताना ओवेनला गोळी लागली आणि तो गेला. पलटण मागे हटली, पुन्हा पुढे गेली, कोकोडा पुन्हा घेतलं, पुन्हा सोडलं. हिरव्यागार जंगलात ही पोरं वाळवंटासाठी शिवलेल्या खाकी अर्ध्या चड्ड्यांत होती. १६ ऑगस्टला राल्फ ऑनर हा नवा कमांडर वाटेवरच्या इसुरावा गावाला पोचला. एरवी शाळामास्तर आणि मग वकील झालेला, आता या मुलांचा मुख्य. त्याला भेटली ती भुकेलेली, तापाने फणफणलेली, चिखलाने भरलेली पलटण. तरीही त्याने इसुरावाला खंदक धरले. २६ ऑगस्टला जपानी हल्ला आला आणि पलटणीने तो २/१४ वी मदतीला येईपर्यंत झेलला.

याच दिवसांत, बाजूच्या पायवाटेवर, त्याच ब्रिगेडची ५३ वी पलटण लढत होती आणि मोडत होती. २७ ऑगस्टला तिचा कमांडर वॉर्ड दबा धरून बसलेल्या शत्रूच्या गोळीला बळी पडला. पलटण विस्कळली आणि तिला मागे धाडण्यात आलं. पुढे कित्येक वर्षं ५३ व्या पलटणीच्या माणसांना भेकड म्हटलं गेलं. मला हे अन्यायाचं वाटतं. तोच कायदा, तेच जहाज, तोच हिवताप, तीच ब्रिगेड. एका पलटणीला एकत्र यायला थोडा वेळ आणि चांगले अधिकारी मिळाले. दुसरीला ते मिळाले नाहीत, उलट निरोपाच्या रजेचाही तिच्यातल्या काही मुलांना हक्क नाकारला गेला. शिपाई शेजारच्या खंदकातल्या ओळखीच्या चेहऱ्यासाठी टिकून राहतो. अनोळखी माणसांना एका नंबराखाली लिहून पलटण होत नाही.

३९ व्या पलटणीतला तो ओळखीचा धागा किती चिवट होता पाहा. इसुरावाला लढाई पेटली तेव्हा लढायला असमर्थ ठरवलेल्या तीस जणांची एक तुकडी मोर्सबीकडे परत चालली होती. पलटण अडचणीत आहे असं वाटेत कळलं. तीसपैकी सत्तावीस जण मागे फिरले आणि पुन्हा लढाईत आले. उरलेल्या तिघांपैकी एकाचं पाऊल गेलं होतं, एकाच्या घशात गोळी होती, एकाचा हात कोपरापुढे उडाला होता.

सप्टेंबरच्या सुरुवातीला मेनारी गावात ऑनरने उरलेल्यांना रांगेत उभं केलं. पन्नासच्या आसपास माणसं होती. युद्धाचं चित्रीकरण करणाऱ्या डेमियन पॅररने टिपलेलं ते दृश्य आजही पाहता येतं: कुणाच्या डोक्यावर रुंद कडांची टोपी, कुणाच्या हेल्मेट, पायांवर चिखलाचे थर, कुणी काठीच्या आधाराने उभा, आणि तरीही रांग सरळ. पॅररच्या चित्रणातून तयार झालेल्या ‘कोकोडा फ्रंट लाइन’ या माहितीपटाला ऑस्कर मिळालं. ऑस्ट्रेलियाच्या वाट्याला आलेलं ते पहिलं ऑस्कर.

जपानी फौज मोर्सबीचे दिवे दिसतील इतक्या जवळ आली, पण रसद संपली आणि सप्टेंबरअखेर तिला माघार घ्यावी लागली. किएन्झ्लचं गणित जपान्यांनाही लागू होतंच. २ नोव्हेंबरला कोकोडा परत मिळालं. डिसेंबरमध्ये ३९ व्या पलटणीला पुन्हा बोलावणं आलं, आणि उत्तर किनाऱ्यावरचं गोना घेण्यात तिने मोठा वाटा उचलला. ४९ वी आणि ५५ व्या पलटणीत विलीन केलेली ५३ वी यांना ७ डिसेंबरला सनानंदाच्या दलदलीत जपानी मोर्चांवर सोडण्यात आलं. ४९ व्या पलटणीची निम्म्याहून अधिक माणसं काही तासांत मेली किंवा जखमी झाली. ज्यांना भेकड म्हटलं होतं, तेही त्या दिवशी गोळ्यांच्या तोंडी चालत गेले. जानेवारी १९४३ मध्ये ३९ वी रांगेत उभी राहिली तेव्हा बत्तीस माणसं उरली होती. जुलैमध्ये ती पलटण बरखास्त झाली, ब्रिगेडही. ३९ व्या पलटणीच्या खांद्यावरच्या खुणेचे रंग होते तपकिरी आणि लाल. तिचे लोक त्यांना चिखल आणि रक्त म्हणत.

कायदाही बदलला. फेब्रुवारी १९४३ मध्ये पंतप्रधान जॉन कर्टिन यांनी मिलिशियाची हद्द वाढवून नैर्ऋत्य पॅसिफिकच्या मोठ्या भागापर्यंत नेली. हे तेच कर्टिन, जे १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीविरुद्ध उभे राहून काही दिवस तुरुंगात गेले होते. आपल्याच पक्षाला हे पटवून देताना त्यांच्या जिवाची काय तगमग झाली असेल!

युद्धानंतर ऑस्ट्रेलियाने खडं पायदळ उभारलं, पण राखीव ब्रिगेड राहिल्या. आज त्या दुसऱ्या डिव्हिजनच्या छत्राखाली आहेत. कवायत अजून आठवड्यातल्या संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी होते. सेवेवर गेलेल्या माणसाची नोकरी मालकाने काढून घेऊ नये, यासाठी २००१ चा कायदा आहे. जानेवारी २०२० मध्ये जंगलांना भीषण वणवे लागले, तेव्हा सरकारने सुमारे तीन हजार राखीव सैनिकांना सक्तीने बोलावलं. त्यांनी रस्त्यांवरची जळकी झाडं हटवली, अडकलेल्या लोकांना पाणी आणि गुरांना चारा पोचवला.

२००६ मध्ये ३९ हा नंबर पुन्हा एका पलटणीला देण्यात आला. या नव्या पलटणीकडे ऑस्ट्रेलियातून परदेशी जाणाऱ्या सैनिकांना निघण्याआधी तयार करण्याचं काम सोपवण्यात आलं.